आर्वी आणि खोडद : दूरध्वनीतल्या खरखरीचा इतिहास

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले, की राजगुरुनगरनंतर आंबेगाव तालुक्यातले मंचर आणि कळंब मागे पडते आणि आपण जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या परिसरात येतो. या परिसरातल्या दोन गावांची नावे विज्ञानाच्या आणि दूरसंचाराच्या इतिहासात गेलेली आहेत. पहिले आर्वी. येथे भारताचे परदेशी दूरध्वनीसाठीचे पहिले उपग्रह भूकेंद्र १९७१ साली सुरू झाले. दुसरे खोडद. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, आहे. शाळेच्या सहली खोडदला जातात, विज्ञानदिनाला तर तेथे मोठी गर्दी होते. आर्वीची मात्र आठवण सहसा निघत नाही. या दोन ठिकाणांचा एकमेकांशी काय संबंध, असे विचारले तर बहुतेक जण 'दोन्हीकडे मोठ्या तबकड्या' एवढेच सांगतील. आमच्या मते संबंध त्याहून बराच जुना आहे. तो दूरध्वनीच्या तारेतून आणि आकाशातून येणाऱ्या खरखरीचा आहे.

दूरसंचाराचा इतिहास लिहिताना आपण उद्घाटनांच्या तारखा लिहितो. यंत्रणा सुरू झाल्यावर ती रोज चालू ठेवणारे लोक, त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारी आणि त्या तक्रारींचे मूळ शोधण्याच्या रीती यांच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. वास्तविक पदार्थविज्ञानातले दोन मोठे शोध अशाच तक्रारींच्या पाठपुराव्यातून लागले आहेत. त्यामुळे येथे आपण तारखा थोडक्यात सांगू आणि दोषांकडे जास्त लक्ष देऊ.

परदेशाशी बिनतारी बोलण्याच्या बाबतीत पुणे जिल्हा पहिल्यापासून पुढे आहे. मुंबईहून एडनमार्गे समुद्राखालची तारायंत्राची केबल १८७० साली टाकली गेली होती, पण तिच्यातून फक्त कट्ट-कडकट्ट जात असे, आवाज नाही. २३ जुलै १९२७ रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींवरील बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश पाठवणारे केंद्र खडकीला आणि घेणारे केंद्र दौंडला होते. दोन केंद्रे अशी दूर का ठेवली, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. हजारो किलोमीटरांवरून आलेली लहर इतकी क्षीण असते, की शेजारीच स्वतःचे प्रक्षेपक चालू असेल तर ती पूर्ण बुडून जाईल. ढोल वाजत असताना त्याच मांडवात कुजबुज ऐकता येत नाही, तसेच हे. पुढे १९३३ साली याच खडकी-दौंड केंद्रांतून इंग्लंडशी प्रत्यक्ष बोलण्याची, म्हणजे रेडिओ-दूरध्वनीची सोय झाली.

लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होत होत पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालतात. पण आयनांबर काही पक्क्या भिंतीसारखे नसते. दिवसा एक उंची, रात्री दुसरी, सूर्यावर डाग वाढले की तिसरीच तऱ्हा. त्यामुळे आवाज मध्येच मोठा होई, मध्येच विरून जाई, आणि विजा चमकत असतील तर कडकडाटात शब्द हरवत. जगात सर्वत्र हीच अडचण होती. अमेरिकेतील बेल कंपनीने अटलांटिकपलीकडे रेडिओ-दूरध्वनी १९२७ सालीच सुरू केला होता, आणि खरखरीच्या तक्रारींनी तिचे अभियंते त्रस्त होते. ही खरखर नेमकी कोठून येते, याचा छडा लावण्याचे काम कंपनीच्या प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे देण्यात आले.

जान्स्कीने न्यू जर्सीतल्या होमडेल येथे लाकडी सांगाड्यावर एक लांबलचक अँटेना उभारली आणि तिला जुन्या फोर्ड मोटारीची चाके लावली. सुमारे २०.५ मेगाहर्ट्झ वारंवारितेवर ऐकत ती वीस मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेई. मिळालेल्या खरखरीचे त्याने तीन प्रकार केले : जवळच्या विजांची, दूरच्या विजांची, आणि तिसरी एक मंद, सततची सळसळ. ही तिसरी सळसळ दिवसाच्या ठराविक वेळी जास्तीत जास्त होई. प्रथम त्याला ती सूर्याची वाटली. पण महिने लोटले तसे दिसले, की तिची वेळ रोज सुमारे चार मिनिटांनी अलीकडे सरकते. म्हणजे तिचा दिवस २४ तासांचा नसून २३ तास ५६ मिनिटांचा होता. आकाशदर्शन करणाऱ्या शिक्षकांना हा आकडा लगेच ओळखू येईल. हा नाक्षत्र दिवस आहे. खरखर करणारी गोष्ट ताऱ्यांबरोबर उगवत आणि मावळत होती, आणि तिची दिशा आकाशगंगेच्या मध्याकडे, धनू राशीत होती. १९३३ साली त्याने हे जाहीर केले. खडकी-दौंडचा दूरध्वनी ज्या वर्षी बोलू लागला, त्याच वर्षी दूरध्वनीतल्या एका तक्रारीतून रेडिओ-खगोलशास्त्र जन्माला आले.

कंपनीला उत्तर मिळाले, आणि त्यावर काही उपाय नाही हेही समजले. जान्स्कीला दुसऱ्या कामावर लावण्यात आले. व्यवहार म्हणून हे ठीकच होते. पण विज्ञानाच्या दृष्टीने कोणी त्याला आणखी पाच वर्षे तेथेच ठेवले असते तर, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १ जानेवारी १९४७ रोजी, परदेशी तार-दूरध्वनीचा हा व्यवसाय सरकारने आपल्या हाती घेतला आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते तयार झाले. पुढची दोन दशके भारताचा बाहेरच्या जगाशी संवाद बहुतांशी लघुलहरींवरच चालला. परदेशी फोन म्हणजे आधी नोंदणी, मग वाट पाहणे, आणि लागलाच तर ओरडून बोलणे, असा अनुभव त्या पिढीतल्या पुष्कळांना असेल.

उपग्रहाने हे चित्र पालटले. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबर फिरत असल्याने आपल्याला एकाच जागी स्थिर दिसतो. इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९६५ साली अटलांटिकवर पहिला असा व्यापारी उपग्रह ठेवला. त्यातून २४० दूरध्वनी संभाषणे एकाच वेळी चालू शकत. १९६९ च्या जुलैत हिंदी महासागरावरचा उपग्रह कामाला लागला आणि जगाभोवतीचे कडे पूर्ण झाले.

भारताला या कड्यात सामील व्हायचे तर भूकेंद्र हवे होते. असे केंद्र परदेशी कंपनीकडून तयार विकत घेणे हा सरळ मार्ग होता. डॉ. विक्रम साराभाई यांनी तो धरला नाही. अहमदाबादला १९६७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने एक प्रायोगिक उपग्रह संचार भूकेंद्र उभे राहिले होते. तेथे आपले अभियंते हात बसवून घेत होते. हीच माणसे आर्वीचे केंद्र उभारू शकतील, अशी भूमिका साराभाईंनी घेतली, आणि अणुऊर्जा विभागाने ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिससाठी हे काम अंगावर घेतले. २६ फेब्रुवारी १९७१ रोजी केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला साराभाईंचे निधन झाले. पुढच्या वर्षी, वर्धापनदिनी, टपालखात्याने आर्वीच्या तबकडीचे चित्र असलेले तिकीट काढले. केंद्राला 'विक्रम' हे नाव मिळाले ते साराभाईंच्याच स्मरणार्थ.

आर्वीच का? उपग्रहाशी बोलण्यासाठी ६ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या आणि त्याच्याकडून ऐकण्यासाठी ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरत. पण जमिनीवरचे मायक्रोवेव्ह मनोरेही याच पट्ट्यांत काम करीत. तेव्हा भूकेंद्र शहरापासून आडोशाला, टेकड्यांच्या वाटीत असलेले बरे. दुसरीकडे, परदेशी संभाषणांचे मुख्य केंद्र मुंबईत असल्याने ते फार दूर नेऊनही चालत नव्हते. जुन्नरच्या डोंगरांनी दोन्ही अटी भागवल्या. मुंबई ते आर्वी हा सह्याद्रीवरून जाणारा टप्पा मायक्रोवेव्हने जोडण्यात आला. (याच तालुक्यातल्या नाणेघाटाने दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांना घाटमाथ्याशी जोडले होते आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. परदेशाशी देवघेव या तालुक्याला नवी नाही.)

आता केंद्रातील कामाकडे वळू. तबकडीचा व्यास सुमारे ३० मीटर होता. एवढी मोठी कशासाठी? त्या काळचा उपग्रह साऱ्या महासागरावर आणि तीन खंडांवर मिळून काहीशे वॅटच्या तोडीची शक्ती पसरत असे. ती ३६,००० किलोमीटरांवर येईपर्यंत इतकी विरळ होते, की ३० मीटरच्या तबकडीने गोळा केलेली एकूण शक्ती काही पिकोवॅट भरते. एक पिकोवॅट म्हणजे वॅटचा एक लक्ष-कोटीवा भाग. त्यातच शेकडो माणसांची बोलणी सामावलेली! अशा वेळी ग्राहकयंत्राच्या स्वतःच्या उष्णतेने होणारी खरखरसुद्धा जड जाते. म्हणून त्या काळच्या अशा केंद्रांत पहिले प्रवर्धक यंत्र द्रवरूप वायूच्या तापमानाच्या जवळ थंड करून ठेवीत. ते थंडगार राखणे, तबकडीचा रोख उपग्रहावरून ढळू न देणे आणि प्रत्येक वाहिनीची पातळी मोजत राहणे ही रोजची कामे होती. तीस मीटरच्या तबकडीचा झोत चार गिगाहर्ट्झला जेमतेम पाऊणे-दोन दशांश अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा रुंद असतो. रोख थोडा ढळला की संभाषणे गेलीच.

मुंबईतून आलेला प्रत्येक आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसवलेला असे आणि प्रत्येकाला ४,००० हर्ट्झची जागा. असे बारा आवाज एकावर एक रचून एक गट, पाच गटांचा मोठा गट, अशी उतरंड. प्रत्येक गटाबरोबर एक ठराविक सूर पाठवत. परदेशच्या टोकाला तो सूर बसला की समजावे, गटात काहीतरी बिघडले. आणि केंद्रातल्या माणसांना एकमेकांशी बोलण्यासाठी एक वाहिनी राखून ठेवलेली असे. ग्राहकांचे बोलणे बंद पडले तरी ही चालू राहावी, अशी खटपट केलेली असे. तक्रार आली, की साखळी मधोमध तोडायची. मुंबई एक्स्चेंज, मायक्रोवेव्ह, आर्वीची यंत्रे, तबकडी, उपग्रह, परदेशचे केंद्र, अशी साखळी. आर्वीतच आवाज वळवून परत मुंबईला पाठवला आणि तो स्वच्छ आला, तर दोष पुढच्या अर्ध्या भागात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. साखळीत बत्तीस कड्या असल्या तरी पाच चाचण्यांत दोष हाती लागतो. दोनचा पाचवा घात ३२ होतो, हे गणित शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

काही दोष मात्र कोणत्याच कडीत नसतात. त्यांतला पहिला सूर्याचा. वर्षातून दोनदा, काही दिवस, दुपारी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ-लहरींत उपग्रहाचा आवाज बुडतो. मुलांना सांगितले की ती लगेच म्हणतात, 'म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला, कारण उपग्रह विषुववृत्तावर आहे.' उत्तर जवळचे आहे, पण बरोबर नाही. आर्वी विषुववृत्ताच्या १९ अंश उत्तरेला आहे. तेथून विषुववृत्तावरच्या उपग्रहाकडे पाहणारी रेषा पुढे ताऱ्यांपर्यंत वाढवली तर ती वैषुविक वृत्ताच्या थोडी दक्षिणेला, सुमारे सव्वातीन अंशांवर पोचते. सूर्य तेवढा दक्षिणेला असतो तो १२ मार्चच्या सुमारास आणि पुन्हा ऑक्टोबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत. हिंदी महासागरावरचा उपग्रह आर्वीच्या नैर्ऋत्येला असल्याने वेळ येते दुपारी दीडच्या आसपास. झोत अरुंद असल्याने एका दिवशीचा खोळंबा तीनएक मिनिटांचाच. हे सगळे आधी कागदावर काढता येते. कोणाची चूक नाही आणि दुरुस्तीही नाही, फक्त वेळापत्रक आगाऊ तयार ठेवायचे.

दुसरा असाच दोष उशिराचा आणि प्रतिध्वनीचा. आर्वी ते उपग्रह सुमारे ३६,३०० किलोमीटर. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या गूनहिली केंद्रावरून हाच उपग्रह क्षितिजापासून जेमतेम पाच-सात अंश वर दिसे, त्यामुळे तेथले अंतर सुमारे ४१,००० किलोमीटर. बेरीज ७७,३०० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३,००,००० किलोमीटर, हा प्रवास पाव सेकंदाहून किंचित जास्त वेळ घेतो. आपण प्रश्न विचारावा आणि उत्तर यायला अर्धा सेकंद जास्त लागावा, एवढाच फरक. पण संभाषणात अर्धा सेकंद फार असतो. समोरचा गप्प आहे असे समजून आपण पुन्हा बोलू लागतो आणि तेवढ्यात त्याचे उत्तर येते. मग दोघे थांबतात, दोघे पुन्हा बोलतात. भांडणाची सुरुवात व्हायला एवढे पुरे!

प्रतिध्वनी याहून वाईट. घरापासून एक्स्चेंजपर्यंत दूरध्वनीची दोनच तारांची जोडी असते, त्यावरून दोन्ही दिशांचे आवाज जातात. लांबच्या प्रवासात मात्र जाणारा आणि येणारा आवाज वेगळे करावे लागतात. जेथे दोन तारांच्या चार होतात तेथे विशिष्ट रोहित्र असते, आणि त्याचा समतोल कधीच पूर्ण साधत नाही. येणाऱ्या आवाजातला थोडा भाग परत फिरतो. पुणे-मुंबई बोलताना तो इतक्या लवकर येतो, की आपल्याच बोलण्यात मिसळून जातो. उपग्रहावरून तो अर्ध्या सेकंदाने येतो, आणि स्वतःचेच शब्द अर्ध्या सेकंदाने कानावर आले की माणूस अडखळतो. यावर पहिला उपाय काढला तो ढोबळ होता : एक जण बोलू लागला की दुसऱ्या दिशेचा मार्ग बंद करणारा स्वयंचलित दरवाजा. त्याने प्रतिध्वनी गेला, पण दोघे एकदम बोलले की एकाची अक्षरे कापली जात. नवा उपाय बेल प्रयोगशाळेत साठच्या दशकात सुचला. त्यावर काम करणाऱ्यांत मनमोहन सोंधी हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ अग्रभागी होते. परत येणारा प्रतिध्वनी कसा असेल याचा यंत्रानेच अंदाज बांधायचा, तो येणाऱ्या आवाजातून वजा करायचा, उरलेल्यावरून अंदाज सुधारायचा, आणि हे अखंड चालू ठेवायचे. ही वजाबाकी एका चकतीत मावेपर्यंत १९८० साल उजाडले.

होमडेलच्या त्याच परिसरात आणखी एक गोष्ट घडली होती, ती येथे सांगायला हवी. उपग्रह-संचाराच्या प्रयोगांसाठी बांधलेल्या कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनात आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ मध्ये एक खरखर आढळली. ती दिवसरात्र, सर्व दिशांना सारखीच होती. त्यांनी सांधे तपासले, कबुतरांचे घरटे काढले, विष्ठा पुसली. खरखर तशीच. आर्वीच्या अभियंत्याने केली असती तीच ही अर्धे-अर्धे करण्याची रीत, फक्त शेवटी उरलेल्या अर्ध्यात सारे विश्व होते. ती विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेची, सुमारे तीन केल्व्हिन तापमानाची, शिल्लक निघाली. १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवण्याची सोय १९७६ मध्ये आली. १९८६ च्या १ एप्रिलला ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचे विदेश संचार निगम झाले. पण तोवर दुसरे एक तंत्र पुढे येत होते. पुण्यातच १९७९ साली दोन एक्स्चेंजांमध्ये देशातील पहिली प्रकाशतंतूची जोडणी झाली होती. नव्वदच्या दशकात समुद्राखालच्या प्रकाशतंतूंच्या केबली मुंबईला लागल्या. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. लंडनपर्यंतची केबल १२,००० किलोमीटर धरली, तरी साठ सहस्रांश सेकंद. उपग्रहाच्या जेमतेम चौथाई. दूरध्वनी उपग्रहावरून खाली उतरला तो यामुळे, आणि त्याचबरोबर आर्वीसारख्या केंद्रांचे महत्त्वही ओसरले. फेब्रुवारी २००२ मध्ये विदेश संचार निगमाचे व्यवस्थापन टाटा समूहाकडे गेले.

आज मोठ्या कचेरीत किंवा महाविद्यालयात फोनचे 'एक्स्चेंज' म्हणजे एक संगणक असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. फोन, निरोप, दूरदृश्य बैठका, सारे त्याच्यामार्फत चालते. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना आठ बिटांचा. वीस सहस्रांश सेकंदांचे १६० नमुने झाले की त्यांचे एक पाकीट करून ते जाळ्यात सोडतात. सेकंदाला पन्नास पाकिटे. ती पोचतात मागेपुढे, म्हणून पलीकडे त्यांना क्षणभर रांगेत थांबवून मग वाजवतात. हा थांबा लहान ठेवला तर आवाज तुटतो, मोठा ठेवला तर उशीर वाढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० सहस्रांश सेकंदांच्या आत असला तर कोणाला जाणवत नाही आणि ४०० च्या पुढे जाऊ नये. उपग्रहाचा एक टप्पा या मर्यादेत बसतो, दोन बसत नाहीत. म्हणूनच त्या काळी भारतातून लंडनमार्गे अमेरिकेला जाणारे बोलणे शक्यतो दुसऱ्या टप्प्यात केबलवर घालत. सर्व्हर सांभाळणारा तरुण हा आकडा रोज पाहतो.

त्याच्याकडे हमखास येणारी तक्रार अशी : 'घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण एकाच बाजूला ऐकू येते.' येथेही साखळी अर्धी करायची. घंटी वाजली, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत आणि तेथून पुढे पोचला. दोष त्या अर्ध्यात नाही. आवाजाची पाकिटे मात्र बहुधा सर्व्हरकडून न जाता एका फोनकडून दुसऱ्या फोनकडे परस्पर जातात, आणि 'मला अमुक पत्त्यावर पाठव' असे फोनच सांगतो. कचेरीच्या आतला पत्ता बाहेरच्याला ठाऊक नसतो. चाळीत 'माडीवर, तिसरी खोली' एवढेच पाकिटावर लिहून ते दुसऱ्या गावच्या टपालात टाकावे, तशी गत होते. आणि जेथे असा फोन जुन्या तांब्याच्या जोडीला येऊन मिळतो, तेथे दोन-चार तारांचे तेच रोहित्र, तोच अपुरा समतोल आणि तोच प्रतिध्वनी. या तरुणांना प्रतिध्वनी घालवायचे बटण माहीत असते. तो येतो कोठून, हे मात्र अनेकांना कोणी सांगितलेले नसते, आणि आर्वीच्या पिढीकडे ते सांगण्याजोगे पुष्कळ होते.

आता खोडद. प्रा. गोविंद स्वरूप यांनी साठच्या दशकात कल्याणजवळ छोट्या तबकड्यांची आणि १९७० मध्ये उटी येथे मोठी रेडिओ दुर्बीण उभारली होती. मीटर लांबीच्या लहरींसाठी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण भारतात बांधायची, तर जागा कोणती? पुणे हाताशी असावे, वारा बेताचा असावा, दक्षिणेचे आकाश दिसावे, आणि मुख्य म्हणजे माणसाने केलेली रेडिओ-गडबड कमी असावी. खोडद त्यांना पसंत पडले. तीसपैकी चौदा अँटेना मध्यवर्ती चौरस किलोमीटरभरात आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, सर्वांत लांबचे अंतर सुमारे २५ किलोमीटर. पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी, त्यामुळे वारा आरपार जातो आणि खर्च आवाक्यात राहतो. प्रत्येक अँटेनाचा संकेत प्रकाशतंतूतून मध्यवर्ती इमारतीत येतो. तेथे तंतूतल्या प्रत्येक किलोमीटरमागे पाच मायक्रोसेकंद धरून उशीर जुळवावा लागतो, नाहीतर तीस अँटेना मिळून एक दुर्बीण होत नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये ती जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली.

येथे जुने नाते उलटे होते. जान्स्कीच्या काळी आकाशगंगा ही दूरध्वनीतली खरखर होती. खोडदला दूरध्वनी ही आकाशातली खरखर आहे. रेडिओ-खगोलशास्त्रात तेजस्वितेचे एकक 'जान्स्की' हेच आहे. एक सोपे गणित करू. एक वॅटचा मोबाइल फोन चंद्रावर, ३,८४,००० किलोमीटरांवर ठेवला आणि त्याची शक्ती दोन लाख हर्ट्झच्या पट्ट्यात पसरली, तर पृथ्वीवर तो सुमारे २७० जान्स्की भरेल. दुर्बीण शोधत असते त्या दीर्घिका बऱ्याचदा जान्स्कीच्या हजाराव्या भागात मोजायच्या असतात. फोन चंद्रावर नसून नारायणगावच्या बाजारात असला तर काय होईल, ते विद्यार्थ्यांना काढू द्यावे. विजेच्या तारेचा एखादा सैल सांधा ठिणगी टाकत असला तरी दुर्बिणीला ती ऐकू येते, आणि मग तो सांधा शोधायला शिवारातून हिंडावे लागते. पुन्हा तेच काम.

या तालुक्यात टोमॅटो, द्राक्षे आणि भाजीपाला पिकतो. बाजारभाव फोनवर कळतो, मुलांचा अभ्यासही त्यावर होतो. तेथल्या माणसाला 'दुर्बिणीसाठी फोन जपून वापरा' असे सांगताना त्याला त्यातले विज्ञान समजावून सांगणे हा किमान शिष्टाचार आहे. वारंवारितांचे पट्टे विचारपूर्वक वाटले, मनोऱ्यांच्या जागा आणि रोख ठरवून घेतले, तर दोन्ही गोष्टी नांदू शकतात. पण ही वाटणी दरवेळी नव्याने करावी लागते, कारण नवे यंत्र आले की नवी वारंवारिता व्यापते. शिवाय या दुर्बिणीचे नवे रूप पूर्वीपेक्षा रुंद पट्टे ऐकते, त्यामुळे तिच्या कानावर गडबडही जास्त पडते.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी खोडदने काही काळ आर्वीचे काम केले. युरोपीय अंतराळ संस्थेचे श्यापरेल्ली हे यान मंगळावर उतरत होते, आणि त्याच्या छोट्या प्रक्षेपकाचा ४०१ मेगाहर्ट्झचा सूर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून या दुर्बिणीने ऐकला. उशीर पावणेदहा मिनिटांचा. यान मंगळाच्या जमिनीवर आदळण्याच्या थोडे आधी सूर तुटला. तो कोणत्या क्षणी तुटला ही खोडदची नोंद दोषाचा तपास करणाऱ्यांच्या उपयोगी पडली.

ज्या शाळांच्या आसपास घरोघरी डीटीएचच्या छत्र्या आहेत, त्यांना सूर्याचा दोष स्वतः पाहता येईल. छत्रीचा व्यास साठ सेंटिमीटर धरला तर तिचा झोत सुमारे तीन अंश रुंद, म्हणजे आर्वीच्या झोताच्या सुमारे सतरा पट. त्यामुळे खोळंबा तीन मिनिटांऐवजी दहा-बारा मिनिटांपर्यंत आणि बरेच दिवस होऊ शकतो. ८३ अंश पूर्वेचा उपग्रह जुन्नर-आंबेगावहून पाहिला तर तो दक्षिणेच्या थोडा पूर्वेला असतो, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वेळ येईल दुपारी पावणेबाराच्या आसपास. त्या दिवसांत आकाश निरभ्र असताना चित्र फुटू लागले, की घड्याळ पाहून वेळ लिहावी, छत्रीच्या मधल्या दांड्यावरच्या पेटीची सावली तबकडीवर कोठे पडते तेही टिपावे, आणि दुसऱ्या दिवशी वेळ किती सेकंदांनी सरकली ते पाहावे.